कुत्र्याच्या उंचीवरून

कुत्र्याचे चित्र आपल्याला नवे नाही. दत्तात्रेयांच्या तसबिरीत पायाशी चार कुत्री असतात आणि ते चार वेद, असे आपण लहानपणापासून ऐकतो. खंडोबासोबत कुत्रा असतो, युधिष्ठिरासोबत तो स्वर्गाच्या दारापर्यंत जातो, आणि नामदेवांच्या कथेत तो पोळी पळवतो तेव्हा नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागे धावतात. या सर्व ठिकाणी कुत्रा कशाची तरी खूण म्हणून येतो. दुमडलेल्या कानाचा, अमुक एका घरातला, अमुक एक कुत्रा सामान्य माणसाच्या भिंतीवर आला तो कॅमेऱ्यामुळे. आणि तोही सहजासहजी आला नाही.

लुई दागेर यांची पद्धत १८३९ मध्ये जाहीर झाली, तेव्हा एका छायाचित्राला कित्येक मिनिटे लागत. झोपलेला कुत्रा त्यात उमटे; शेपूट हलवणाऱ्याचा नुसता धुरळा होई. एडवर्ड मायब्रिज यांच्या १८८७ च्या ‘अ‍ॅनिमल लोकोमोशन’ या ७८१ पट्टांच्या संग्रहात घोड्यांबरोबर धावणारी कुत्रीही आहेत. डोळ्यांना न दिसणारी पावलांची लय तिथे थांबून बघता येते.

पुढे इलियट अर्विट यांनी एक साधी गोष्ट केली: ते कॅमेरा घेऊन खाली गेले. न्यू यॉर्कमधल्या १९७४ च्या त्यांच्या प्रसिद्ध छायाचित्रात टोपी घातलेला चिमुकला चिवावा आहे, शेजारी मालकिणीचे बूट आहेत, आणि त्यांच्या बाजूला आणखी दोन लांब पाय. ते पाय एका ग्रेट डेनचे आहेत, हे कळायला क्षणभर लागतो. उभ्या माणसाच्या उंचीवरून ही गंमत दिसलीच नसती.

हे घरी करून पाहण्यासारखे आहे. आमची तीट ही काळीभोर गावठी कुत्री, दहा वर्षांची. नाव तिच्या रंगावरून पडले. फरशीवर पालथे पडून तिच्याकडे पाहिले की घराचा नकाशाच बदलतो. टेबलाचे पाय, सोफ्याखालचा चेंडू, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर सांडलेले चार शेंगदाणे: तिच्या दिवसाचे सगळे महत्त्वाचे मुक्काम गुडघ्याच्या खाली आहेत.

काळ्या कुत्र्याचे छायाचित्र फसते, त्याला कारण आहे. समोरचे दृश्य सरासरीने मध्यम करड्या उजेडाचे असणार, असे धरून कॅमेरा प्रकाश मोजतो. चौकटभर काळे अंग आले की त्याला अंधार वाटतो. तो उजेड वाढवतो आणि काळ्याचे राखाडी होते. मोबाईलवर कुत्र्याच्या चेहऱ्यावर बोट टेकवून उजेडाची पट्टी थोडी खाली ओढली की काळा रंग परत येतो. खिडकीचा तिरका, मऊ उजेड असेल तर केसही सुटे दिसतात. फ्लॅश मात्र नको. कुत्र्याच्या डोळ्यांत पडद्यामागे परावर्तक थर असतो. अंधुक उजेड त्याच्यावरून परतून पुन्हा पडद्यावर पडतो, म्हणून कुत्र्याला रात्री बरे दिसते. फ्लॅशमध्ये तोच थर हिरवा-पिवळा चमकतो.

मग प्रश्न उरतो तो चेहऱ्याचा. कुत्रा आपल्यासाठी चेहरा करतो का? ज्युलियान कामिन्स्की आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये २४ कुत्र्यांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. माणूस समोर तोंड करून असताना कुत्र्यांच्या चेहऱ्याच्या हालचाली वाढल्या. नुसता खाऊ दाखवल्याने तसा फरक पडला नाही. २०१९ च्या अभ्यासात असे आढळले की भुवईची आतली बाजू उचलणारा स्नायू कुत्र्यांमध्ये नीट विकसित आहे, लांडग्यांमध्ये मात्र तो सहसा तसा नाही. तीट भुवया उचलून बघते तेव्हा त्या नजरेमागे माणसाच्या सहवासात गेलेल्या हजारो वर्षांचा वारसा असतो.

पण चेहरा वाचताना सावध राहावे लागते. तोंड उघडे, जीभ बाहेर, कोपरे मागे ओढलेले, की आपण ‘हसतोय बघ’ म्हणतो. उकाड्यात आणि भीतीतही कुत्रा असाच धापा टाकतो. सोबत कान मागे चिकटलेले असतील, डोळ्यांचा पांढरा भाग दिसत असेल, तो ओठ चाटत असेल, तोंड फिरवत असेल, तर ते हसू नव्हे. दिवाळीत फटाक्यांच्या आवाजात काढलेली ‘हसरी’ छायाचित्रे या खुणा धरून पुन्हा पाहावीत. भिंगाचा रोखलेला डोळाही काही कुत्र्यांना नकोसा होतो. तीटने मान वळवली की मी कॅमेरा खाली ठेवतो.

रोजच्या छायाचित्रांचा आणखी एक उपयोग वर्षांनी कळतो. तारखांच्या क्रमाने पाहिल्यास आधी हनुवटी पांढरी होते, मग डोळ्यांभोवतीचे केस. सातव्या-आठव्या वर्षांनंतर पुष्कळ कुत्र्यांच्या बाहुलीत निळसर धूसरपणा येतो. तो बहुधा भिंग वयाने घट्ट झाल्याचा असतो आणि नजर फारशी जात नाही; मोतीबिंदू वेगळा, तो प्रकाश अडवतो. त्यातला फरक डॉक्टरांनीच सांगायचा, पण बदल केव्हा सुरू झाला हे छायाचित्रे सांगतात. रोज सोबत राहणाऱ्याला तो दिसत नाही.

कुत्र्याचे आयुष्य बहुधा दहा ते पंधरा वर्षांचे. आपल्या आयुष्याच्या एका तुकड्यात त्याचे सगळे बालपण, तारुण्य आणि म्हातारपण मावते. म्हणून सणासुदीला हार घालून बसवलेल्या छायाचित्रापेक्षा मला दुपारी तीनची छायाचित्रे मोलाची वाटतात: उन्हाचा चौकोन सरकतो तशी सरकत झोपणारी, जिन्यावर पाऊल वाजताच एक कान उचलणारी तीट.