तीन पायांचा मोठा कुत्रा
अवयवछेदन (निकामी पाय शस्त्रक्रियेने काढणे) झालेला मोठा कुत्रा कायमचा जागेवर बसतो, हा समज चुकीचा आहे. उभ्या कुत्र्याचे सुमारे ६० टक्के वजन पुढच्या पायांवर असते; म्हणून मागचा पाय गेल्यास सावरणे तुलनेने सोपे जाते. तिपाई जशी पायांच्या मांडणीवर तोलून उभी राहते, तसा कुत्रा उरलेला मागचा पाय शरीराच्या मध्याकडे आणून तोल साधतो. लॅब्रॅडॉरसारखा मोठा कुत्रा जड असतो, हा आक्षेप रास्तच. म्हणूनच उरलेले सांधे आधी तपासून घ्यावेत आणि नंतर वजन वाढू देऊ नये. खरी अडचण घरातल्या गुळगुळीत टाइल्सची. त्यांवर रबरी चटई अंथरा, पोटाखालून टॉवेलचा आधार देऊन कुत्र्याला थोडे थोडे चालवा आणि टाके निघेपर्यंत उड्या मारू देऊ नका.