आधी तास, मग काम

घरी बसून करायचं काम नगर आणि संगमनेरला नवं नाही. विडी कारखान्यातून तेंदूपान आणि तंबाखू मोजून आणायचा, पानं भिजवून कातरायची, मांडीवर सूप घेऊन विड्या वळायच्या, दोऱ्याने बांधायच्या आणि कारखान्यात नेऊन मोजून द्यायच्या. या कामावर इथल्या कितीतरी घरांतली मुलं शिकली. नगरच्या पद्मशाली वस्तीत आजीने केलं ते आईने केलं आणि लेकीनेही. मजुरी ठरते हजार विड्यांवर. लेकरू झोपलं की थोड्या, भाकरी झाल्या की थोड्या, असं करत रात्री उशिरा हजाराचा आकडा गाठायचा. 1966 च्या विडी व सिगार कामगार कायद्याने घरी विड्या वळणाऱ्या बाईलाही कामगार मानलं, ही मोठी गोष्ट झाली. पण तिच्या दिवसातले किती तास हे काम खाईल, याला घरात कुणीच बांध घातला नाही.

मूल जरा मोठं झालं, आता चार पैसे हाताशी यावेत, म्हणून अर्धवेळ काम शोधणाऱ्या आईने या अनुभवातून पहिली गोष्ट घ्यावी ती हीच. आपण आधी काम शोधतो, मग त्यासाठी वेळ काढायला धावतो. हे उलट व्हायला हवं. आधी तास मोकळे करायचे, मग त्या तासांत मावेल असं काम बघायचं.

हे तास येणार कुठून? 2024 च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायका त्यासाठी दिवसाला 289 मिनिटं देताना दिसतात, तर घरकाम करणारे पुरुष 88 मिनिटं. मुलांना सांभाळण्याचा वेळ यात धरलेलाच नाही. म्हणजे बाईच्या दिवसात चार तासांची नोकरी नुसती वरून ठेवली, तर ते तास तिच्या झोपेतून जातात. घरी मूल सांभाळणारा बाप असेल तर त्यालाही हाच हिशोब लागू. नगरमध्ये असे बाप थोडे आहेत, पण आहेत.

त्यामुळे तयारीची पहिली बैठक घरातल्यांबरोबरच व्हावी, आणि ती मोघम नको. ‘मला जरा मदत करा’ म्हटलं तर सगळे मान डोलावतात आणि दुसऱ्या दिवशी कुकर तुम्हीच लावता. ‘आई, सोमवारपासून मी चार ते सात घरी नसेन. दूध तापवायचं आणि साडेपाचला चिंटूला क्लासला सोडायचं, एवढं तुमच्याकडे,’ असं सांगितलं तर सासूबाईही नेमकं उत्तर देतात: जमेल, किंवा गुडघे दुखतात, तेवढं सोडायचं तू बघ. नवऱ्यालाही तसंच विचारायचं: ‘अहो, संध्याकाळच्या पोळ्या कोण करणार?’ यातून वाद होईल. तो कामाला लागण्याआधी झालेला बरा.

सासू-सासरे गावी असतील तर प्रश्न अवघड होतो. अंगणवाडी तीन ते सहा वर्षांच्या मुलांना घेते, पण काही तासच. ज्या आस्थापनेत पन्नास किंवा जास्त कामगार आहेत तिथे पाळणाघराची सोय असावी, आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाता यावं, असं 2017 च्या प्रसूती लाभ दुरुस्तीने सांगितलं. सुपा किंवा नागापूर एमआयडीसीत मुलाखतीला जाल तेव्हा पाळणाघराचं न लाजता विचारा. मात्र कारखान्यातली पाळी बहुधा आठ तासांची असते, आणि जाण्यायेण्याचा वेळ वेगळा. लहान मूल घरी असताना ते झेपेलच असं नाही.

मग तीन-चार तासांत बसणारं काम कोणतं? शिकवण्या, दवाखान्यातला स्वागतकक्ष, एखाद्या कर सल्लागाराकडे टॅलीवरच्या नोंदी, ब्लाऊज आणि पिको-फॉल, मेसचे डबे. आपल्या जिल्ह्यात पतसंस्थांचं जाळं मोठं आहे, तेव्हा पिग्मी गोळा करण्याचं कामही आहे: ठरलेल्या दुकानांमधून रोजची रक्कम घ्यायची, नोंद करायची, भरणा करायचा. कमिशन मिळतं, पण लोकांच्या पैशाची जोखीम अंगावर असते. म्हणून संस्थेची चौकशी आधी करावी. पोस्टाच्या आवर्ती ठेवींसाठी महिला प्रधान क्षेत्रीय बचत योजनेत एजंट म्हणून फक्त बायकांनाच नेमतात आणि जमा रकमेवर 4 टक्के कमिशन मिळतं. ज्यांच्या ओळखी दांडग्या आणि हिशोब चोख, त्यांना हे काम फार शोभतं. त्याची माहिती पोस्टात मिळते.

शिकायचं असेल तर आरसेटी आठवा. ग्रामीण भागातल्यांसाठी बँका चालवत असलेल्या या संस्था शिवणकामापासून ब्युटी पार्लरपर्यंतचं प्रशिक्षण मोफत देतात. ‘उमेद’च्या बचतगटात असाल तर गटातल्या ताईंकडे चौकशी करा.

घरून धंदा करायचा तर एक हिशोब वहीत मांडल्याशिवाय पुढे जाऊ नका. समजा, रोज आठ डबे, डब्याला 70 रुपये. आले 560. किराणा-भाजी 360, गॅस 40. उरले 160. भाजी आणणं, निवडणं, रांधणं, डबे पोचवणं आणि घासणं धरून चार तास गेले, तर तासाला 40 रुपये सुटले. बहुतेक बायका 160 चा आकडा धरतात आणि तास धरतच नाहीत. 40 परवडत नसतील तर भाव वाढवा किंवा काम बदला. पण ‘घरीच तर असते’ म्हणून स्वतःचे श्रम फुकटात मोजू नका. हे मी कळकळीने सांगतेय, कारण गुणी हातांचे धंदे इथेच बुडतात. अन्नपदार्थ विकायला एफएसएसएआयची नोंदणी लागते. धंद्यासाठी घरचा सिलिंडर वापरता येत नाही, व्यावसायिक घ्यावा लागतो, म्हणून गॅसचा खर्च त्या दराने धरा. उद्यम नोंदणी सरकारी संकेतस्थळावर मोफत होते, तिचे पैसे कुणी मागितले तर देऊ नका. ‘घरबसल्या टायपिंग, आधी रजिस्ट्रेशन फी भरा’ म्हणणाऱ्याला तर एक रुपयाही नको. पैसे गेलेच तर लगेच 1930 वर फोन करा.

आता कागदपत्रं. शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, पॅनवर नुसतं नाव आणि वडिलांचं आडनाव, हा गुंता आपल्याकडे घरोघरी आहे. नोकरी लागण्याच्या आठवड्यात तो सुटत नाही. विवाह नोंदणीचा दाखला ग्रामपंचायतीतून किंवा महापालिकेतून काढून ठेवा, लागलंच तर राजपत्रात नाव बदलून घ्या. आणि खातं स्वतःच्या नावाचं, ज्याचा ओटीपी तुमच्याच मोबाईलवर येतो असं.

सगळं जुळलं तरी लगेच रुजू होऊ नका. ठरवलेले तास पंधरा दिवस खरोखर रिकामे करून बघा. घड्याळ लावून घराबाहेर पडा. मैत्रिणीकडे जा, वाचनालयात बसा, टायपिंगचा सराव करा. कोणत्या वेळी फोन येतो, काय सांडतं, मूल कुणाकडे रडतं आणि कुणाकडे रमतं, हे तेव्हाच कळतं. मग मालकाला खरं सांगता येतं: रोजचे तीन तास नक्की देईन, मूल तापाने फणफणलं तर त्या दिवशी येणार नाही, मे महिन्यात शाळा बंद असते, तेव्हा सकाळी आठ ते अकरा चालतील का, ते आताच बोलून घेऊ.