दोन मिनिटांची किल्ली

घरातला वाय-फाय राउटर 2.4 गिगाहर्ट्‌झवर चालतो, म्हणजे त्याची लहर सेकंदाला 240 कोटी वेळा वरखाली होते. लहरीची लांबी साडेबारा सेंटिमीटर. राउटरपासून हातातल्या फोनपर्यंत ती सरळही येते आणि भिंत, छत, लोखंडी कपाट, शेजारी बसलेला माणूस यांच्यावर आपटूनही येते. या वाटांवरच्या लहरी कुठे एकमेकींना बळ देतात, कुठे एकमेकींना पुसतात. एखादी वाट सव्वासहा सेंटिमीटरने लांबली, की शिखर असायचं तिथे दरी येते. तेवढं अंतर प्रकाश 0.2 नॅनोसेकंदात कापतो. कुणी सोफ्यावरून उठलं, तरी सगळी बेरीज बदलते.

विलक्षण गोष्ट पुढे आहे. त्याच क्षणी फोनने उलट संदेश धाडला, तर तो नेमक्या याच वाटांनी परततो. त्यामुळे ताकदीतले चढउतार दोघांनाही सारखेच दिसतात. भरपूर परावर्तनं असलेल्या खोलीत काही सेंटिमीटर बाजूला लपलेल्या तिसऱ्याला मात्र वेगळेच. मग ताकद ठरावीक रेषेच्या वर गेली की 1, खाली गेली की 0; असा प्रत्येक आकडा म्हणजे एक बिट. दोघांच्या आकड्यांत थोडा फरक पडतोच. तो उघड बोलून मिटवतात आणि त्या बोलण्यातून जे फुटलं असेल, ते गणिताने गाळून टाकतात. उरलेली बिटांची रांग हीच दोघांचे संदेश कुलूपबंद करणारी गुप्त किल्ली. ती हवेतून कधी पाठवावीच लागत नाही!

रटगर्स विद्यापीठातल्या सुहास माथूर आणि सहकाऱ्यांनी 2008 मध्ये साध्या वाय-फाय उपकरणांवर हे करून दाखवलं. वेग सेकंदाला साधारण एक बिट, म्हणजे 128 बिटांच्या किल्लीला दोन मिनिटं आणि वर आठ सेकंद. ती किल्ली अंदाजाने शोधायची तर शक्यता किती? 34 वर 37 शून्यं. सेकंदाला एक लाख कोटी किल्ल्या लावून पाहणारं यंत्र आणलं, तरी सगळ्या संपायला विश्वाच्या आजवरच्या वयाच्या सुमारे 78 कोटी पट काळ लागेल.

पण हा हिशेब प्रत्येक बिट खरोखर बेभरवशाचा असेल तरच खरा. 2009 मध्ये युटा विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं, की स्थिर खोलीत चढउतार फारसे उरतच नाहीत, आणि तिथे शत्रूने ठरवून ये-जा केली तर बिटंही त्याच्या मर्जीने पडू शकतात. म्हणून तळघरातल्या भिंतीवर बसवलेल्या, आसपास काहीच हलत नसलेल्या वायरलेस मीटरची सुरक्षा केवळ या पद्धतीवर सोपवू नये.