व्हिडिओ पाहिला, पण हात शिकले का?

एकच दिवा दोन ठिकाणांहून चालू-बंद करणारे जिन्याचे वायरिंग मोबाइलवर पाहिले, की दहा मिनिटांत समजल्यासारखे वाटते. प्रत्यक्ष बोर्डासमोर मात्र कोणती वायर कुठे जोडायची, इथेच विद्यार्थ्याचा गोंधळ उडतो. विजेच्या कामात अशी चूक गुणांपुरती राहत नाही. ती जिवावर बेतू शकते.

शिकागो विद्यापीठातील संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत फळ्यावर बाण फेकण्याचा, म्हणजे डार्टचा, व्हिडिओ काहींना एकदा, तर काहींना वीस वेळा दाखवला होता. वीस वेळा पाहणाऱ्यांचा आत्मविश्वास वाढला, नेम मात्र सुधारला नाही.

असे का होते? डोळ्यांना कामाच्या पायऱ्या दिसतात. पण स्क्रू किती आवळायचा, वायर सोलताना आतली तार न तुटता किती जोर लावायचा, हे स्पर्शातून आणि स्नायूंतूनच मेंदूला कळते. हात चुकतो, मेंदू ती चूक टिपतो आणि पुढच्या वेळी हालचाल सुधारतो. या दुरुस्तीत लहान मेंदूचा मोठा वाटा असतो.

मग दोष पडद्याचा का? तसे नाही. किराणा आणणारा ट्रक बदलला म्हणून जेवणातले पोषण बदलत नाही, तसेच माध्यमाचे आहे, असे अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ रिचर्ड क्लार्क यांनी १९८३ मध्ये मांडले. त्यावर वाद झाले. पण शिकवण्याच्या पद्धतीने फरक पडतो, हे आकडेही सांगतात. विज्ञान, अभियांत्रिकी व गणिताच्या शिक्षणावरील २२५ अभ्यासांचे विश्लेषण २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. नुसती व्याख्याने ऐकणाऱ्या वर्गांत सुमारे ३४ टक्के, तर प्रश्न सोडवत व चर्चा करत शिकणाऱ्या वर्गांत सुमारे २२ टक्के विद्यार्थी नापास झाले होते.

गंमत म्हणजे हार्वर्डमधील २०१९ च्या अभ्यासात अशा पद्धतीने जास्त शिकलेल्या विद्यार्थ्यांनाच आपण कमी शिकलो असे वाटत होते. डोक्याला ताण पडला, की शिकणे जमत नाही असा समज होतो. तो ताण हा शिकण्याचाच भाग असतो.

विद्यार्थ्यांनी काय करावे?

- व्हिडिओ थोडा पाहून थांबवावा आणि न बघता आकृती काढावी.
- वीजपुरवठा बंद असलेल्या सरावाच्या बोर्डावर, शिक्षकांच्या देखरेखीखाली जोडणी करावी.
- चूक आधी स्वतः शोधावी, मग विचारावे.
- दोन-तीन दिवसांनी तेच काम न पाहता पुन्हा करावे.

एवढे जमले, तरच धडा शिकून झाला असे समजावे.