ऐनवेळचे विषय

सकाळी 7. आज 2 ऑक्टोबर 2024. दिंडोरी तालुक्यात द्राक्षबागांच्या गोडी छाटणीची घाई आहे. पेठ-सुरगाण्याच्या मजुरांच्या टोळ्या जीपमधून उतरतात आणि बागायतदार पेस्टची बादली घेऊन त्यांच्यामागे निघतो. त्यात यंदा सर्वपित्री अमावास्या. ग्रामसभा आजच घ्यायची, पण सकाळी नऊला कोण येणार? सात दिवस आधी काढलेल्या नोटिशीत म्हणून संध्याकाळी साडेपाचची वेळ घातली. गणपूर्तीला 15 टक्के मतदार किंवा 100, यातला जो आकडा कमी असेल तेवढे लोक लागतात. तहकूब सभेला तीही अट नाही. काही गावांत पहिली सभा मुद्दाम पडू देतात, ती त्यासाठीच.

8.30. शाळेत गांधीजी आणि शास्त्रीजींचं प्रतिमापूजन. दहा मिनिटं.

10. कालच्या महिला सभेचं इतिवृत्त पुन्हा वाचलं. मळ्याच्या वस्तीला पाणी रात्री अकराला सुटतं, ते सकाळी हवंय. पाणीवाल्याला बोलावलं. टाकी तर रात्रीच भरते, मग व्हॉल्व्ह सकाळी का नाही? "भाऊसाहेब, सकाळी मला डेअरीत दूध घालायचं असतं." सभेत हे निघालं असतं तर अर्धा तास 'पाणीटंचाई'वर भाषणं झाली असती. (सरकारने नुकतंच आम्हा ग्रामसेवकांचं पद 'ग्रामपंचायत अधिकारी' केलंय. गावाला मी भाऊसाहेबच.)

12.30. सरपंचताईंशी विषयपत्रिकेवर बसलो. अध्यक्ष त्या, मी नुसता लिहिणारा. "नानांना आधीच बोलू द्या," त्या म्हणाल्या, "नाहीतर प्रत्येक विषयात उठतील." बरोबर आहे.

3. फळ्यावर आकडे मांडले. पंधराव्या वित्त आयोगाचा 60 टक्के निधी बंधित, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेसाठीच. उरलेल्या 40 टक्क्यांत बाकीचं गाव. हे आधी डोळ्यांसमोर नसलं की आराखड्यात सभामंडपच सभामंडप. नोटिशीतही 'आराखड्याबाबत चर्चा करणे' असं लिहिलेलं नाही. तसं लिहिलं की चर्चाच होते. 'अबंधित निधीतून पहिलं काम कोणतं घ्यायचं' असा सरळ प्रश्न घातलाय.

5.30. हजेरीचं रजिस्टर दाराशी ठेवलं की माणसं सही ठोकून परत फिरतात. ते मी आत, फळ्याखालच्या टेबलावर ठेवतो. सही करायला आलेला माणूस आकडे वाचतो आणि वाचता वाचता बसतो. सहाला दहा कमी असताना गणपूर्ती झाली.

6. नाना बोलले, सात मिनिटं. मग पाण्याचा विषय. महिला सभेला आलेल्या दोघी पुढे बसल्या होत्या, त्यांनीच मांडला.

6.30. शिवाररस्ता की सभामंडप? आवाज चढले. ताईंनी हात वर करायला लावले. रस्ता. सूचक, अनुमोदक तिथेच लिहून घेतले, घरी जाऊन नव्हे.

7.15. अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळचे विषय. सभा बुडते ती इथेच. गटार, बांध, मोकाट कुत्री, 'माझं घरकुल कुठं अडलं?' यांना वेगळी तक्रारवही आहे. नाव, तक्रार आणि कार्यालयात यायची तारीख लिहायची, पुढचा माणूस. घरकुलवाला तरी ओरडलाच. त्याला ओरडू दिलं. यादीत नाव नसलेला माणूस शांत कसा बसेल?

7.40. उठण्याआधी ठराव मोठ्याने वाचले. "मळ्याच्या वस्तीचा व्हॉल्व्ह रोज सकाळी 6.15 वाजता..." मागून पाणीवाला उठला. "साडेसहा करा भाऊसाहेब, दूध घालून येतो." ताईंनी बायकांकडे पाहिलं. चालेल म्हणाल्या. खोडून 6.30 केलं, शेजारी ताईंची सही घेतली.