रापणीची दोन टोके

गटात काम करताना भांडण का होते आणि ते कसे मिटवावे, हे मी आमच्याच गटाच्या अनुभवावरून सांगणार आहे.

आम्हा सहा जणांना बाईंनी सिंधुदुर्ग किल्ल्याची प्रतिकृती करायला सांगितली. शिवाजी महाराजांनी २५ नोव्हेंबर १६६४ रोजी मालवणच्या कुरटे बेटावर या किल्ल्याची पायाभरणी केली. तट सुमारे ३ किलोमीटर लांब. आत दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी. एवढे सगळे मातीत दाखवायचे, म्हणजे काम मोठेच! पण कोणी काय करायचे हे आम्ही आधी ठरवलेच नाही. तिथेच चुकले.

मी दरवाजा तटात अगदी समोर बसवला. आमच्यातला एक म्हणाला, "दरवाजो समोर नाय रे. वळणात लपलेलो आसा." त्याचे काका किल्ल्यावर होडी नेतात. पण मला राग आला. मी म्हटले, "तू रोज उशिरा येतंस, आनी माकाच शिकवतंस?" तो उठून गेला. दोघींनी त्याची बाजू घेतली, दोघांनी माझी. तट अर्धाच राहिला.

रविवारी आजोबांबरोबर रापण बघायला गेलो. होडी जाळे सोडत अर्धगोल फिरून किनाऱ्याला येते. मग दोन्ही टोकांचे दोर दोन बाजूंची माणसे ओढतात. एका बाजूने घाई केली तशी आजोबांनी हाक मारून थांबवले. मला म्हणाले, "दोनय टोकां सारकी येवक होयी, झिला. एक फुडे गेला काय मासळी भायर." मासळी आल्यावर वाटे पडले. होडी-जाळ्याचा वेगळा, ओढणाऱ्यांचे वेगळे. वाटा कसा पडणार हे आधीच ठरलेले असते.

तिथेच तो मित्र दिसला. कडेवर धाकटी बहीण, आणि आई मासळीची पाटी भरत होती. आई बाजारात गेली की बहिणीला तोच सांभाळतो. म्हणून त्याला उशीर होतो. हे मी कधी विचारलेच नव्हते!

सोमवारी मी सर्वांसमोर चूक कबूल केली. मग आम्ही काही नियम ठरवले.

१. कामाची वाटणी आधी करून कागदावर लिहावी.
२. जो उशिरा येतो त्याला आधी कारण विचारावे. त्याला जमेल त्या वेळचे काम द्यावे.
३. बोलायचे ते कामाबद्दल. "तू आळशी" म्हणू नये; "तट राहिला, कधी करूया?" असे विचारावे.
४. एक बोलत असताना दुसऱ्याने मध्ये तोंड घालू नये.
५. वाद माहितीचा असेल तर हात वर करून मते मोजू नयेत. जाऊन बघावे किंवा जाणत्याला विचारावे.
६. एवढे करूनही मिटले नाही तरच बाईंकडे जावे.

पाचव्या नियमाप्रमाणे आम्ही त्याच्या काकांना विचारले. मित्राचेच खरे निघाले. शत्रूला सरळ आत घुसता येऊ नये म्हणून दरवाजा तटाच्या वळणात आहे. मी माझा दरवाजा मोडला आणि नवा आम्ही दोघांनी मिळून केला.

आमचा किल्ला व्हरांड्यात ठेवला आहे. खाली सहाही नावे आहेत. जरूर बघा. समोरून दरवाजा दिसणार नाही, वळणात शोधा!