तळाला भोक न पाडता खोलीचा ठाव

पूर्वी दोरीला शिसं बांधून ती पाण्यात सोडायची आणि किती वाव गेली ते मोजायचं, अशी खोली जाणण्याची रीत होती. आज हे काम ट्रान्सड्यूसर करतो. तो ध्वनीचा ठोका खाली पाठवतो आणि त्याचा प्रतिध्वनी टिपतो. पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे १५०० मीटर धावतो. म्हणजे १५ मीटर खोल तळाला लागून तो ०.०२ सेकंदात परततो.

भरीव फायबरग्लासच्या बोटीत हे यंत्र आतूनच बसवता येतं. भोक पाडायला नको, गळतीची धास्ती नाही.

अट एकच, मध्ये हवा नको. हवेचा थर ध्वनीला भिंतीसारखा अडवतो. त्यामुळे फोम किंवा बाल्सा लाकूड भरलेल्या दुपदरी तळातून ही युक्ती साधत नाही.

जागा आधी पारखावी. बोट पाण्यात असताना पाण्याच्या प्लास्टिक पिशवीत ट्रान्सड्यूसर घालून पिशवी ओल्या तळावर दाबून धरायची. वेग वाढवल्यावरही आकडा टिकला, तर जागा पक्की. मग तो भाग घासून स्वच्छ पुसायचा, सावकाश घट्ट होणारं इपॉक्सी ओतायचं आणि ट्रान्सड्यूसर हलकेच पिळत दाबायचा, म्हणजे अडकलेले बुडबुडे कडेने निघून जातात. इपॉक्सी पूर्ण सुकेपर्यंत त्याला धक्का लागू देऊ नये.

थोडा ध्वनी बोटीच्या तळातच जिरतो आणि पाण्याचं तापमान आतून नीट कळत नाही. पहिल्या फेरीत वजन बांधलेली दोरी सोडून यंत्राचा आकडा एकदा जरूर पडताळून पाहा.